होडीत आईची जागा

३ सप्टें., बुध.
माहेरी येऊन चौथा दिवस. आईचा उजवा हात प्लास्टरमध्ये. गोठ्यात पाय घसरला. भाकरी मी करते, ती बसून चुका काढते. "कड जाड राह्यली." राहू दे.
अण्णा पहाटे जाळं घेऊन नदीवर, आमच्या गंगेवर गेले. एकटेच. एरवी आई मागं बसून वल्हं मारते, ते पुढं जाळं बघतात. आज ती ओट्यावर बसून बंधाऱ्याकडं बघत होती. ते येईपर्यंत चहा घेतला नाही.
दोन रहू, एक मरळ. मरळ माझ्यासाठी राखली.

५ सप्टें.
सेलूहून ह्यांचा फोन. कापसाची जिनिंग मिल अजून बंदच, घरीच आहेत. "राहा निवांत. पोरगी अन् मी करायलोत कसंतरी." बरं वाटलं.
अण्णा टीव्ही लय मोठ्यानं लावतात. कमी करा म्हटलं. "आजकाल बातम्या हळू सांगायलेत."

६ सप्टें.
दुपारी बंधाऱ्यावरचा भोंगा वाजला. पाणी सोडायच्या आधी तीनदा वाजतो. आम्ही अंगणात मुगाच्या शेंगा निवडत होतो. अण्णा बाजेवर जाळं सांधत. भोंगा वाजला तरी मान वर नाही. मागून मी हाक मारली. तरी नाही.
आई माझ्याकडं बघत होती. मग चुलीपाशी म्हणाली, "चार वर्सं झाली. मी काय मासे धरायला जायची व्हय?"
"मग सांगितलं कामून न्हाई?"
"कुणाला सांगू? त्यानला म्हाईतच हाय. मला कळलंय हे बी म्हाईत हाय. बोलायचं काय त्यात."
भोंगा झाला की ती वल्ह्याच्या टोकानं त्यांच्या पाठीला हळूच टोचायची. ते म्हणायचे, चल, आज मासा न्हाई. आणि होडी काठाला.
चार वर्षं दोघं असं. मी दिवाळीला येऊन फराळ करून जात होते.

९ सप्टें.
अण्णांना म्हटलं, बंधाऱ्याच्या भिंतीच्या वरच्या अंगाला टाका जाळं. "तिथं पाणी पसरट. मासा पांगतो. गेटाखाली गोळा होतो."
"मग मी येते संगट."
"तुला वल्हं येतं?"
"शिकवलं कुणी?"
हसले. गंगाखेडहून दोन जाकिटं आणली, केशरी, पाण्यात तरंगायची. अण्णा म्हणाले, बँडवाल्यावाणी दिसायलंय. आईनं डाव्या हातानं त्यांचे पट्टे आवळले. "दिसू द्या."

१० सप्टें.
तळहाताला फोड. पण मजा आली, खोटं कशाला लिहू.
अण्णा मी पाचवीत असल्यासारखं शिकवतात. गेटासमोर पाणी खदखदतं तिथं होडी न्यायची नाही, तिथलं पाणी उलटं फिरून भिंतीकडं ओढतं. नांगराचा दोर होडीच्या नाकालाच बांधायचा, मागं बांधला तर पाणी आत चढतं. हे सगळं पाठ आहे माणसाला. फक्त भोंगा

(आईनं हाक मारली, राहिलं.)

१३ सप्टें., शनि.
आजचं लिहून ठेवते.
सकाळी साडेसात. नांगराचा दगड टाकून थांबलो होतो. अण्णा पुढं वाकून जाळं ओढत होते. पहिला भोंगा झाला. वल्ह्यानं टोचलं. त्यांनी हात वर केला, म्हणजे कळलं. पण जाळ्यात मोठा कटला मासा, सोडवेना त्यांना. दुसरा भोंगा. "अण्णा, सोडा ते." पाठमोऱ्या माणसाला काय ऐकू येणार. जोरात टोचलं. तेव्हा जाळं सोडलं आणि दोर ओढायला लागले. दगड खाली खडकात अडकलेला. उभे राहून ओढायला गेले, होडी एका अंगावर कलली, पाणी आत.
जाकीट धरून मी त्यांना खाली बसवलं. बापाला असं कधी धरलं नव्हतं. पुढं सरकून कोयत्यानं दोर कापला. मग नुसतं वल्हं. तिसरा भोंगा काठाजवळ ऐकला. बाभळीची फांदी धरली, होडी वर ओढली. मागं बघितलं तर बंधाऱ्याची दोन दारं उचललेली. आम्ही होतो तिथं सगळं पांढरं.
अण्णा म्हणाले, "दोर नवा होता."
घरापर्यंत तेवढंच. आईनं दोघांकडं बघितलं, कोरडे कपडे काढून दिले.

१४ सप्टें.
मी आत पीठ मळत होते. बाहेर ओट्यावर अण्णा आईला सगळं सांगत होते, दोर, कटला, मी त्यांना कसं खाली बसवलं. हळू बोलतोय असं त्यांना वाटत असणार.
"मला एकबी भोंगा आला न्हाई, सुमनच्या माय. एकबी न्हाई."
आई म्हणाली, "ठावं हाय मला." मग दुसऱ्यांदा, मोठ्यानं, त्यांच्या कानाशी.
मी बराच वेळ पीठच मळत बसले.

१७ सप्टें.
परभणीला कानाच्या डॉक्टरकडं. डावा जवळपास गेलेला, उजव्यात थोडं आहे. मशीन लावून दिलं. बसस्टँडवर दोन्ही हातांनी डोकं धरून उभे. "एवढा कालवा असतो व्हय सगळीकडं?"
घरी आई ताट मांडत होती. म्हणाले, "तुझ्या बांगड्या वाजतात की गं." ती आत निघून गेली. मीठ आणायला म्हणे. मीठ ताटातच होतं.

१९ सप्टें.
मशीन नदीवर चालत नाही. वारा, पाणी, सगळं एकच होतं. "नुसती गंगाच ऐकू येती." शिवाय भिजायची भीती, म्हणून काढून खिशात.
पण एक कबूल केलंय. आईचा हात बरा होईपर्यंत भिंतीच्या वरच टाकणार, खाली नाही. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले. शपथ त्यांची त्यांनी घेतली, मी मागितली नव्हती.

२१ सप्टें., रवि.
उद्या घट बसणार, आज निघाले. अण्णा फाट्यापर्यंत आले. बस सुटताना काहीतरी म्हणाले, मशीन लावलेलं होतं, आवाज एकदम लहान. आता मलाच ऐकू आलं नाही.

४ ऑक्टो., सेलू
काल आईचं प्लास्टर काढलं. मूठ नीट वळत नाही. महिनाभर जोर द्यायचा नाही म्हणालेत. फोनवर मागून अण्णा, "वर मासाच लागंना." आई मला म्हणाली, "बगू."
बगू म्हणजे काय, विचारलं तर पोरीच्या परीक्षेचं काढलं.

६ ऑक्टो., सोम.
सकाळी सातला आईला फोन लावला. वाजून वाजून बंद. अण्णांचा लावला, त्यांचा एरवीही आईच उचलते. तोही वाजतोय. होडीत फोन नेत नाहीत, दोन्ही कोनाड्यात ठेवून जातात.
आठला पुन्हा. नाही.
हे म्हणतात, शेताकडं गेले असतील.
जाकीट दोघांनीही घातलं असेल, आई त्याशिवाय हलायची नाही. डाव्या हातानं वल्हं धरता येतं का, मी इथं झाडू धरून बघितलं. येतं थोडं.
नऊला परत लावते. भिंतीच्या वर गेले होते की खाली, तेवढंच विचारायचंय.