गाडीच्या शेडला लावलेला गोलपोस्ट परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. प्राचार्य,
मुख्य कार्यालय, पहिला मजला.

विषय : टाकीकडचा गोलपोस्ट परत मिळणे आणि फुटबॉल संघ बरखास्त करण्याची सूचना मागे घेतली जाणे याबाबत.
संदर्भ : सोमवारी सूचनाफलकावर लागलेली आपली सूचना.

महोदय,

मी, खाली सही करणारा, आपल्या महाविद्यालयाच्या फुटबॉल संघाचा गोलरक्षक. वास्तविक हा अर्ज कर्णधाराने करायचा. परंतु यंदा आपल्या संघावर सर्वाधिक गोल कर्णधारानेच चढवलेले असल्यामुळे आपल्याला तोंड दाखवायची त्याला लाज वाटते, सबब मी लिहीत आहे.

१. यंदा आपण एकही सामना जिंकलो नाही, हे आपले म्हणणे शंभर टक्के खरे. मात्र "खेळाडूंमध्ये गोल करण्याची कुवत नाही" हे वाक्य अन्यायाचे आहे. गोल भरपूर झाले. ते माझ्यावर झाले, एवढाच काय तो फरक.

२. त्याचे कारण असे, की सुट्टीत टाकीकडचा गोलपोस्ट उपटून, वर पत्रे टाकून, मैदानालगत आपल्या गाडीसाठी शेड उभारण्यात आली. त्याच्या जाळीवर माळीकाकांनी काकडीचा वेल चढवला. काकड्या छान आल्या, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु मैदानात उरला एकच गोलपोस्ट आणि त्यात मी. अख्खा संघ रोज संध्याकाळी माझ्यावर गोल मारायचा सराव करू लागला. सवय अंगात इतकी मुरली, की सामन्यात दमछाक झाली आणि मी समोर दिसलो की आमच्या मंडळींचे पाय आपोआप माझ्याकडे वळतात. आपलेच दात, आपलेच ओठ, बोलायचे कुणाला?

३. कर्णधाराला आम्ही तोफ म्हणतो. मागच्या सामन्यात त्याने आपल्याच तिघांना चकवून चेंडू माझ्या डोक्यावरून जाळ्यात घातला आणि दोन्ही हात वर करून पळत सुटला. गोल देखणा होता, हे मला कबूल करावे लागेल. हल्ली प्रतिस्पर्धी संघांचे प्रशिक्षक सामन्याआधी त्याच्या तब्येतीची आपुलकीने चौकशी करतात.

४. आपली सूचना वाचून आम्ही सगळे कपडे बदलायच्या खोलीत जमलो. आमचा बचावपटू, जो या महाविद्यालयात इतकी वर्षे आहे की आम्ही त्याला आजोबा म्हणतो, बूट हातात घेऊन तसाच बसला होता. शेवटी तो म्हणाला, "संघच मोडला तर संध्याकाळी पाच वाजता आपण जायचं कुठं?" महोदय, हरण्याचे आम्हाला वाईट वाटते, पण एकमेकांना सोडण्याचे त्याहून जास्त वाटते. या मंडळींचे सर्वाधिक फटके मी खाल्ले आहेत, तरी दुसऱ्या कुणाबरोबर खेळायची मला इच्छा नाही.

५. म्हणून मंगळवारपासून आम्ही आपली शेड हाच दुसरा गोल धरून सराव सुरू केला. त्यापायी मैदान जरा तिरके झाले. परवानगी घेतली नाही, ही चूक मान्य. तिथे गोलरक्षक म्हणून आपली गाडी होती. ती बिचारी जागची हलत नाही, पण अंगाने भरदार असल्यामुळे बरेच फटके अडवते.

६. काल सरावात एक गोष्ट घडली. तोफेने माझ्यासमोर चेंडू मिळवला. मी सवयीने डोळे मिटले. उघडून पाहतो तर गडी पाठ फिरवून उलट्या दिशेने धावत होता. निम्म्या मैदानावरून त्याने असा काही फटका हाणला, की चेंडू थेट शेडमध्ये. आजोबा लहान मुलासारखे रडले. काच फुटल्याचा आवाज आम्हाला जरा उशिराच ऐकू आला.

तरी शनिवारच्या शेवटच्या सामन्याआधी गोलपोस्ट जागेवर यावा, तोवर गाडी कृपया अन्यत्र लावावी, आणि संघाबाबतचा निर्णय सोबतचा पुरावा पाहून घ्यावा, ही विनंती. यंदाच्या हंगामात योग्य दिशेला गेलेला हा आमचा पहिलाच चेंडू आहे.

आपला नम्र, आणि अजून गोलमध्ये उभा असलेला,
(सही)
गोलरक्षक
दिनांक : सामन्याआधीचा गुरुवार

सोबत :
१. काकड्या, माळीकाकांकडून.
२. आपल्या गाडीचा डावा आरसा.