उशीवरून दिसेल एवढं उंच

आबा, चऱ्होलीत आपलं घर जिथे होतं तिथे आता अकरा मजली इमारती आहेत, आणि जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या तळमजल्यावरच्या घरात मी राहते. मागच्या खोलीच्या खिडकीबाहेर मातीची एक अरुंद पट्टी आहे. समोरच्या इमारतीमुळे तिच्यावर कधीच थेट ऊन पडत नाही. त्या खोलीत तुमचे जावई झोपून असतात. अर्धांगवायूला दीड वर्ष झालं. मान वळते, उचलत नाही. मागच्या आठवड्यात म्हणाले, "समोर नुसती भिंत आहे. निदान तिचा रंग तरी बदलायला सांग सोसायटीला." रंगाऐवजी झाडं लावायचं मी ठरवलं. अटी दोनच: झाड उंच हवं आणि त्याचा बहर लांब चालायला हवा. दुसऱ्या अटीचं कारण डॉक्टरांनी मला खोलीबाहेर बोलावून सांगितलं आहे. ते मी इथे लिहीत नाही.

तुम्ही उभा जन्म पिंपरीच्या कारखान्यात माळीकाम केलंत, मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं. तुम्ही हा प्रश्न माती चिमटीत धरून सोडवला असता. मला आळंदी रस्त्यावरच्या नर्सरीत जाऊन वाद घालावा लागला. नर्सरीवाला म्हणाला, "मॅडम, सावलीला अबोली न्या. महिनोन्महिने फुलते." मी टेप लावली, कंबरेपर्यंतही येईना. तेरडा त्याहून बुटका. कर्दळ उंच, पण उन्हावाचून ती फुलायला मागत नाही. चौथ्या झाडाला टेप लावली तेव्हा तो कंटाळून म्हणाला, "झाडं नेताय का पोलीसभरती करताय?" अखेर हेलिकोनिया निघाला: पुरुषभर वाढणारा, सावली सोसणारा, ज्याचा एकेक तुरा आठवडेच्या आठवडे टिकतो. दोन्ही अटी पूर्ण झाल्या होत्या. मी तिथून निघायला हरकत नव्हती. पण नळाजवळच्या ओलीत पांढऱ्या फुलांचा सोनटक्का उभा होता आणि मी थांबले.

टेप मी का नेली होती, ते सांगायला हवं. आदल्या सकाळी मदतनीस तुमच्या जावयांना अंघोळीला घेऊन गेला असताना मी यांच्या पलंगावर, यांच्या उशीवर डोकं ठेवून उताणी झोपले. खिडकीच्या चौकटीखालचं काहीच तिथून दिसत नाही. फूल त्याच्या वर हवं, नाहीतर ते लावलं काय आणि न लावलं काय. एवढं मनाशी मांडत असतानाच मला तुम्ही दिसलात.

आपलं जुनं घर. आई मागच्या खोलीत, चिंचेकडच्या खिडकीशी अंथरुणाला खिळलेली आहे. मी एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला. भरदुपारी घरी येते तर आत्या आईला मोरीत न्हाऊ घालते आहे, आणि तुम्ही आईच्या खाटेवर उताणे पडला आहात, पायांना चिखल, डोळे खिडकीकडे. बाहेर कारखान्याच्या बागेतून मागून आणलेले सोनटक्क्याचे गड्डे पोत्यावर ठेवलेले. मी उंबऱ्यातूनच तुम्हाला मुद्देसूद ऐकवलं: आजारी माणसाला शुश्रूषा लागते, शुश्रूषेसाठी तुम्ही रजा घेतली आहे, ती रजा तुम्ही माती उकरण्यात आणि झोपण्यात घालवता, तेव्हा ही माया नव्हे, हे पळ काढणं आहे. तुम्ही उठलात. हाताने चादर सारखी केलीत. "तुझं बराबर आसंल, बाय. मला आसं बोलाया न्हाई येत," एवढंच म्हणालात आणि गड्डे लावायला बाहेर गेलात. युक्तिवादात मला एकही दोष सापडला नव्हता. तिसरं विधानच मी तपासलं नव्हतं. तुम्ही झोपला नव्हता. माप घेत होता.

आई गणपती उठल्यावर चार दिवसांनी गेली. तेराव्याच्या संध्याकाळी ओसरीवर तुम्ही मला विचारलंत, "तिनं पायलं आसंल का गं एखादं फूल?" मी म्हणाले, "नाही." दुसऱ्या दिवशी तुम्ही ते सगळं बेट मुळासकट काढून पुन्हा कारखान्यात नेऊन लावलंत. त्यानंतर आपल्या अंगणात तुम्ही काही लावल्याचं मला आठवत नाही.

आज खिडकीबाहेर चार हेलिकोनिया लावून झाले. टोकाला एक सोनटक्काही लावला आहे. त्याचं फूल एका दिवसात मावळतं, बहर पावसाळ्याबरोबर सरतो. माझ्या अटींत तो बसत नाही. यांनी विचारलं, "हा कशाला?" मी म्हटलं, "नर्सरीवाल्याने वर दिला." तेही खरं नाही.

हे पत्र पोचवण्याची सोय नाही, म्हणूनच लिहिता येतं आहे. आई गेली त्या सकाळी मी तिला पाणी पाजत होते. ती खिडकीकडे बघत म्हणाली, "पांढरं फुललंय बघ. त्यांना सांग, दिसतंय म्हणावं." मी सांगितलं नाही, आबा. सांगितलं असतं तर तुमचं बरोबर ठरलं असतं.