साडूंच्या दारापेक्षा सरस दार

४ जानेवारी
समोरच्या फ्लॅटचे नूतनीकरण पूर्ण झाले. तिथे माझे साडू राहतात. ते पाण्याचे पंप विकतात. मी विद्यापीठात सौंदर्यशास्त्र शिकवतो. तरीही घर पाहायला आम्हालाच त्यांच्याकडे जावे लागले.
घर बरे आहे. दिव्यांमुळे दंतवैद्याच्या खुर्चीत बसल्यासारखे वाटते, एवढेच. मी 'छान' म्हणालो, तेही निघताना, चपला घालता घालता.
एक गोष्ट मात्र खटकली. त्यांच्या मुलीला स्वतंत्र खोली केली आहे. आमची थोरली (वय पंधरा) तिथल्या दाराची मूठ नुसती फिरवत राहिली. उघड, बंद, उघड. बाबा, याला आतून कडी आहे, असे मला म्हणाली. जणू मी जन्मात कडी पाहिलेली नाही.

९ जानेवारी
थोरली आता अभ्यासाला समोर जाते. तिचे म्हणणे, धाकटा खोलीत दिवसभर तोंडाने मोटारसायकल चालवतो. माझ्या अभ्यासिकेत बस म्हणालो, तर म्हणे, तिथे तुम्ही असता. मी चकार शब्द काढत नाही. फक्त तिच्या खांद्यावरून वही वाचतो आणि शुद्धलेखन सुधारतो.
बायको म्हणाली, अहो, अभ्यासिकाच देऊन टाका ना तिला, आयती खिडकी आहे, सुटला प्रश्न. हिला रचना या संकल्पनेची जाण नाही.

१० जानेवारी
संकल्प: मुलांच्या खोलीचे दोन भाग करणे. खिडकीकडचा भाग थोरलीला, साडूंच्यापेक्षा सरस दारासह. महिन्याभरात पोरगी घरी. साडू बघत राहतील.

१४ जानेवारी
इंटिरियर डिझायनर येऊन गेल्या. भिंत 'बोलकी' करू म्हणाल्या. चहा देऊन निरोप दिला. आराखडा मीच काढणार.

२१ जानेवारी
आराखडा सुरू. पेन्सिलींना टोके केली.

२५ जानेवारी
समोर जेवायला होतो. हात धुण्याच्या निमित्ताने त्यांच्या मुलीची खोली मोजून घेतली. चोरी नव्हे, तुलनात्मक अभ्यास. साडूंनी दारातच गाठले. काय शोधताय, म्हणाले. रुमाल, म्हणालो. त्यांनी आतून इस्त्रीचा रुमाल आणून दिला. हा माणूस मुद्दाम चांगला वागतो.

३ फेब्रुवारी
सुतार ठरला. अट एकच: आराखड्याबाहेर डोके चालवायचे नाही, प्रश्न विचारायचे नाहीत. मागे एका सुताराने पुस्तकांची मांडणी करताना 'पण साहेब, पण साहेब' करून माझी एकाग्रता घालवली होती. हा म्हणाला, तुम्ही म्हणाल तसं साहेब, आपल्या तोंडाला कुलूप. आदर्श कारागीर.
मांडणी साडूंच्या खोलीची, पण प्रत्येक वस्तू वीतभर मोठी. दार मात्र सर्वस्वी माझे. भरीव लाकूड, चारी कडांना रबरी पट्टी. बाहेरचा शब्द आत जाणार नाही. साडूंचे दार यापुढे पुठ्ठ्याचे वाटेल.

११ फेब्रुवारी
घरभर धूळ. काम संपेपर्यंत थोरली समोर राहायला गेली. उशी घेऊन गेली. चार दिवसांसाठी उशी कशाला?

१९ फेब्रुवारी
पार्टिशन उभे राहिले. जिन्यात समोरून थोरलीचे हसणे ऐकू आले. साडू तिला गणित शिकवतात म्हणे. गणित हा हसण्याचा विषय नव्हे. मी शिकवायचो तेव्हा ती एकदाही हसली नाही. उलट एकदा रडली होती, म्हणजे विषयाचे गांभीर्य तिला कळले होते.

२६ फेब्रुवारी
कपाट बसले. छतापर्यंत. भव्य. धाकटा आत आला आणि म्हणाला, बाबा, खिडकी कुठे गेली?
तपशील थोडक्यात नोंदवतो. साडूंचा फ्लॅट आमच्या समोर आहे, त्यामुळे तो आरशात पाहावे तसा उलटा आहे. त्यांची डावी भिंत ती आमची उजवी. त्यांनी ज्या भिंतीला कपाट केले, तिथे आमच्याकडे खिडकी आहे. होती.
सुताराला विचारले, दिसले नाही का? म्हणाला, दिसलं की. पण विचारायचं नाही असं ठरलं होतं.
बायको हसली नाही. बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ नळ सोडून ठेवला.

२७ फेब्रुवारी
विचारांती असे वाटते की, खिडकीने लक्ष विचलित होते. थोरलीला बोलावून तसे समजावले. ती कपाटापुढे उभी राहिली. मग म्हणाली, बाबा, मी काकांकडेच राहते ना. उशी तरी घेऊन ये म्हणालो. असू दे तिथेच, म्हणाली.
जेवलो नाही. म्हणजे भात घेतला नाही.

२८ फेब्रुवारी
साडू आले. खोली पाहिली. ते हसले तर काय सुनावायचे ते मी तयार ठेवले होते, हसलेच नाहीत. होतं हो असं, म्हणाले. हा पराभूतांशी बोलण्याचा सूर मी ओळखतो. मग म्हणाले, पोरगी आमच्याकडे रमलीय असं समजू नका. रोज जेवताना विचारते, बाबांचं दार झालं का? तुमच्या अभ्यासिकेला लावू की ते दार, खिडकी आहेच तिथे.
ही कल्पना मला केव्हाच सुचली होती, असे मी त्यांना सांगितले. बायको पुन्हा बाथरूममध्ये गेली.

६ मार्च
दार अभ्यासिकेला बसले. माझी पुस्तके खिडकी बुजलेल्या खोलीत, त्या कपाटातल्या अंधारात गेली. उन्हाने पुस्तके खराब होतात, तेव्हा हे शास्त्राला धरूनच झाले.
थोरली उशीसकट परत आली. साडूंनी मूठ फिरवून पाहिली, दारावर टकटक केली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, मानलं बुवा, आमच्यापेक्षा भारी आहे. जिंकलो. थोरली माझ्या गळ्यात पडली, थँक्यू बाबा म्हणाली, आत गेली आणि कडी लावली.

९ मार्च
दार उत्तम चालते. मी अधूनमधून बाहेर उभा राहून पाहणी करतो. आज गणित अडले आहे का, असे विचारले. उत्तर नाही. जरा मोठ्याने विचारले. धाकटा म्हणाला, बाबा, फोन करा तिला.
तेवढ्यात साडू डोकावले. तुमची थोरली गेल्यापासून घर सुनं झालंय, म्हणाले. त्यांचीही मुलगी कडी लावून बसते, जेवायला तेवढी बाहेर येते. पण दार पातळ आहे, आत ती गुणगुणते ते बाहेर ऐकू येतं, तेवढ्यावर भागवतो, म्हणाले.
माझ्या दारातून काहीही ऐकू येत नाही.
काही माणसे नशीबच घेऊन येतात.