आठ भेटी

९ जानेवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. गुडघे कुरकुरतात म्हणून नमस्कार अर्धाच वाकून केला आहे, तू तो पूर्ण धरावास.

तुझं पत्र पोचलं. दाढ काढलीस आणि मला काढून झाल्यावर कळवतेस, हे तुझं नेहमीचंच. आता महिनाभर त्या बाजूने चावू नकोस आणि डॉक्टरांशी वाद घालू नकोस.

मी इकडे पुन्हा नोकरदार झाले आहे, हसू नकोस. विद्यापीठातल्या काही मंडळींनी आमच्या खात्याच्या जुन्या फायली अभ्यासाला घेतल्या आहेत. सांभाळायला दिलेली मुलं एका घरात का टिकली, दुसऱ्या घरातून परत का आली, हे त्यांना शोधायचं आहे. त्या वेळच्या गृहभेटीच्या अहवालांची अक्षरं नव्या पिढीला लागत नाहीत, म्हणून आम्हा तीन निवृत्त बायकांना बोलावलं आहे. तळमजल्यावरची खोली, लोखंडी कपाटं, खिडकी उघडली की समोर सायकलींचा स्टँड. आमची प्रमुख तिशीतली आहे. एवढा मोठा चष्मा लावते की मी मनात तिला चष्मेवालीच म्हणते. मला मॅडम म्हणते आणि माझ्या डब्यातलं निम्मं फस्त करते.

ताई, परवा एक फाईल हाती आली. वरचा कागद उलटला आणि आत तुझ्या घराचा पत्ता. आपल्या बटणची फाईल आहे. तुला ती अजून आठवते का? वेडीच आहे मी, असं कुणी विचारतं का? पण एकतीस वर्षांत आपण दोघींनी तिचं नाव एकमेकींसमोर काढलेलं नाही, म्हणून कसं सुरू करावं ते कळत नाही.

आज एवढंच. पुढचं लिहायला जरा धीर हवा. तुझी माया आहे तशीच राहू दे, येत्या काही दिवसांत तर फारच लागणार आहे.

तुझी धाकटी


१७ जानेवारी

चि. धाकटीस,

अ. उ. आ. दाढेच्या जागी खड्डा आहे आणि जीभ सारखी तिथेच जाते. तुझ्या पत्राने तसंच झालं.

आठवते का म्हणतेस! स्वयंपाकघरात ओट्याखाली तिचं स्टूल अजून आहे. बरण्या काढायला चढते त्यावर. आली तेव्हा पाच वर्षांची होती, एवढीशी. बोलायची नाही, पण माझ्या बाहीचं बटण मुठीत धरून घरभर माझ्यामागे फिरायची. ह्यांनी पहिल्याच दिवशी तिला बटण म्हणायला सुरुवात केली. मी भाजी चिरायची ती एका हाताने, कारण दुसऱ्या हाताला ही लोंबकळलेली. चौदा महिने होती आपल्याकडे. दत्तकाचा अर्ज ह्यांनी शाईने भरून ठेवला होता, खाडाखोड नको म्हणून आधी कच्च्या कागदावर लिहून.

तू त्या वेळी खात्यात होतीस, आमच्या घराची तपासणीही तुझ्याच गळ्यात होती. तरी मी तुला कधी विचारलं नाही. तू म्हणाली होतीस की खात्याच्या समितीचा निर्णय आहे, आपल्या हातात काही नाही. मी गप्प बसले, कारण मला कारण माहीत होतं. आज तुला सांगते. ह्यांनाही सांगितलं नव्हतं, ते गेले त्याला चार वर्षं झाली. तिला नेण्याच्या महिनाभर आधी तिने दिवा पाडून फोडला आणि मी तिच्यावर हात उगारला. मारलं नाही ग, उगारला फक्त. पण तिचे डोळे मी पाहिले. समितीने तिला एकटीला बसवून विचारलं असणार आणि तिने ते सांगितलं असणार, असंच मी धरून चालले. मग कुठल्या तोंडाने तिची चौकशी करू?

आता फाईल तुझ्यासमोर आहे. आमच्याबद्दल काय लिहिलंय ते मला जसंच्या तसं उतरवून पाठव. गोड करू नकोस. अडुसष्ट वर्षांची आहे मी, सोसेल मला.

सुनेला आणि नातवाला आशीर्वाद. पायाला तेल लावत जा.

तुझी ताई


२५ जानेवारी

ती. ताईस,

सा. न. हे पत्र चार वेळा लिहून फाडलं.

समितीपुढे बटणने तुझ्याविरुद्ध एक शब्दही काढला नाही. तिला बोलावलंच नव्हतं. दिव्याची गोष्ट फायलीत कुठेही नाही. फायलीत आहेत ते माझे आठ अहवाल, आणि त्यांतल्या आठव्यात एक वाक्य आहे. मूल कुटुंबास जीव लावत नाही. ते मी लिहिलं आहे.

आता सगळंच सांगते. सख्ख्या बहिणीच्या घराची तपासणी आपण करायची नसते. तो नियम मी मोडला. लग्नानंतर आपली आडनावं वेगळी, कुणाच्या लक्षात आलं नाही. मग माझा मुलगा झाला, तुझं घर तीन तासांवर, आणि तू लिहिलंस की बाळाला घेऊन धडपडत येऊ नकोस, मी सगळं सविस्तर कळवीन. तू कळवलंसही. तुझी पत्रं समोर ठेवून मी भेटीचे अहवाल भरले. तारीख माझी, मजकूर तुझा. आठही वेळा. बटणला मी एकदाही पाहिलेलं नाही, ताई. तिचे केस कुरळे होते की सरळ, हेसुद्धा मला ठाऊक नाही.

वर्ष भरल्यावर समितीपुढे जायचा अहवाल करायचा होता. आमचे साहेब म्हणायचे, ज्या अहवालात एकही उणं नाही तो घरबसल्या लिहिलेला असतो. एक उणं हवं होतं, छोटंसं. तुझ्या पत्रात शोधलं. तू लिहिलं होतंस की ही तुझी बटण काही केल्या जीव लावत नाही बघ, त्यापेक्षा शेजारची मांजर बरी, दूध दिलं की निदान पायात घोटाळते. आपल्याला मिशनच्या शाळेत सिस्टरनी शिकवलं होतं, पत्रात कौतुकाचं प्रदर्शन करू नये, थट्टेत सांगावं. तू तेच करत होतीस आणि मला ते कळत होतं. कारण लगेच खाली तू लिहिलं होतंस की पोरीने उजव्या बाहीचं बटण घट्ट धरलंय, हात हलवू देत नाही, म्हणून अक्षर असं वाकडं आलंय. मी वरचं वाक्य उचललं आणि खालचं सोडलं.

मला वाटलं होतं, अर्ज दोन महिने लांबेल, एवढंच. समितीने तिलाच हलवलं. तेव्हाच मी जाऊन खरं सांगायला हवं होतं. पण मग भेटींचं बिंग फुटलं असतं, नोकरी गेली असती. मी तुला समितीचं नाव सांगितलं आणि बाळाला अंघोळ घालायला गेले.

चष्मेवालीने मागच्या आठवड्यात मला बोलावून दाखवलं की ते वाक्य पुढे चार घरांच्या कागदांवर आहे, चार वेगवेगळ्या अक्षरांत. प्रत्येकाने आधीचं बघून उतरवलं. एकाही घरात ती वर्षभर टिकली नाही. चष्मेवाली म्हणाली, मॅडम, हे वाक्य या मुलीच्या पुढे पुढे चालत गेलंय, पहिल्यांदा लिहिलं कुणी ते शोधायला हवं. मी चष्मा पुसत बसले. माझी सही मलाच वाचता येत नाही असं म्हणाले, ताई.

आणि आता ती येते आहे. मोठी झालेली मुलं आपली फाईल वाचायला मागू शकतात, तिने मागितली आहे. पंधरा तारखेला येईल. पानं नीट लावून ठेवायचं काम माझ्याकडे आहे. तो एक कागद काढून घेतला तर कुणालाही कळणार नाही. दोनदा काढून पिशवीत घातला, दोनदा परत लावला.

काय करू? असं विचारायचासुद्धा हक्क उरला आहे का, ते कळत नाही. शेवटी मायेचं काही मागावं असं आज वाटत नाही.

धाकटी


४ फेब्रुवारी

धाकटीस,

आशीर्वाद लिहायला हात उचलेना, तो तुझ्याकडे शिल्लक असेल त्यातूनच घे.

आठ दिवस मी स्टुलाकडे बघत बसले. तुझ्यावर रागावले आहे, ते तुला वेगळं सांगायला नको. पण रागावून झालं की माझीच लाज वाटायला लागते. येऊ नकोस म्हणून मीच लिहिलं होतं. परकं कुणी येऊन माझ्या घरात नाक खुपसण्यापेक्षा आपली धाकटी बरी, हे मलाही सोयीचंच होतं. आणि तिला न्यायला माणसं आली तेव्हा मी काय केलं? फ्रॉकला इस्त्री केली, पिशवी भरली, आलेल्यांना चहा विचारला. एक प्रश्न विचारला नाही. उलट मनात म्हटलं, चौदा महिने जीव लावला आणि हिने माझी चुगली केली. सहा वर्षांच्या पोरीवर मी एकतीस वर्षं रुसून होते, धाकटे. तिने तोंडही उघडलेलं नव्हतं.

कागदाला हात लावू नकोस. माझी ती पत्रं तुझ्या ट्रंकेत असणार, तू चिठ्ठीसुद्धा टाकत नाहीस. आठही काढ आणि त्या फायलीत लाव. प्रत्येकाच्या तळाला पेन्सिलीने काय लिहिलंय ते तूच बघ. आणि तू काय केलंस ते एका कागदावर सरळ लिहून, नीट वाचता येईल अशी सही करून, तोही लाव. माझ्या हात उगारण्याचंही त्यात घाल.

हे होईपर्यंत मला पत्र टाकू नकोस.

ताई


१२ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. झालं, म्हणून लिहिते आहे.

ट्रंक उघडली. तळाची पेन्सिल मी तेव्हाही पाहिली असणार, पण आता वाचली. आठही पत्रांवर, तुझ्या सहीखाली, उलटसुलट अक्षरांत एकच ओळ. मावशी तू कधी येणार. तू तिला माझ्याबद्दल काय काय सांगितलं होतंस ग, की न पाहिलेल्या बाईची तिने एवढी वाट पाहावी?

चष्मेवालीने माझा कागद उभ्यानेच वाचला. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं की बाकीच्या फायलींतल्या भेटी तरी खऱ्या आहेत का. मी म्हटलं, आहेत, पावसापाण्यात पायी गेलेली आहे मी. ती म्हणाली, मॅडम, आता ते मी कसं मानू? माझ्या हातच्या एकशे चार फायली अभ्यासातून बाजूला काढल्या. डबा मी तसाच घरी आणला.

पंधराला मला तिथे थांबायची परवानगी नाही. माझा पत्ता फायलीत ठेवून आले आहे.

तुझी म्हणवून घ्यायला कचरणारी,
धाकटी


२ मार्च

मा. गृहभेट अधिकारी (निवृत्त) यांस,

नमस्कार. पत्रात आधी समोरच्याची चौकशी करावी, असं मला एका घरात शिकवलं होतं, म्हणून विचारते, तुमचे गुडघे कसे आहेत? फाईल दाखवणाऱ्या बाईंनी सांगितलं, तुम्ही जिना उतरताना कठडा धरता.

मी दातांच्या कवळ्या बनवते. एका दवाखान्यामागे माझी खोली आहे, तिथे साचे आणि मेण. घरी मी, नवरा आणि पाच वर्षांची मुलगी. त्या मुलीमुळेच फाईल मागितली. ती माझ्या अंगाला चिकटली की मी आक्रसून जाते. माझ्यातच काही कमी आहे, जीव लावणं मला जमतच नाही, असं मी लहानपणापासून ऐकत आले. प्रत्येक नव्या घरात मला बघायच्या आधी त्यांना ते माहीत असायचं. मग मीही तसंच वागायचे, म्हणजे निदान कुणाला फसवल्यासारखं तरी व्हायचं नाही.

तुमचा कागद वाचला. तुमच्या ताईंची पत्रं आठही वाचली. त्यांना सांगा, दिवा फुटल्याचं मला आठवत नाही. मला आठवतंय ते असं की न्यायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या बाहीचं बटण ओढून तोडलं होतं. त्यासाठीच परत पाठवलं असं मी धरून चालले होते. बरीच वर्षं मी कुणाच्या बाहीला हात लावला नाही. ते बटण परत देता येणार नाही, तिसऱ्या घरात हरवलं.

तुम्हाला क्षमा केली असं लिहिता येत नाही. खोटं लिहिलेले कागद फायलीत पुष्कळ झाले. तुमचा राग येतो, आणि मग ती मांजरीची ओळ आठवते आणि बसमध्ये एकटीच हसते. वाकडं अक्षर तर मी नक्कल काढून दवाखान्यात सगळ्यांना दाखवलं. ते माझ्यामुळे वाकडं आलं होतं.

आमच्या धंद्यात माणसाच्या तोंडाचा ठसा घेतल्याशिवाय कवळी करत नाहीत. दुसऱ्याने वर्णन सांगून केलेली कवळी पहिल्या घासालाच टोचते. तुमच्या आठ भेटी कागदावर झाल्या आहेत. एक खरी राहिली आहे, ती करा. रविवारी आम्ही तिघंही घरी असतो. जिन्याला कठडा आहे. येताना वही आणा, आणि जे दिसेल तेवढंच लिहा. मुलगी माझ्याजवळ येते का, मी तिला जवळ घेते का, हे कुणीतरी डोळ्यांनी पाहून लिहायला हवं आहे. उणं असेल तर तेही लिहा. तो कागद मी फायलीत सगळ्यात वर लावणार आहे.

ताईंना यायचं असेल तर त्यांच्यासाठी हाताची खुर्ची आहे. लांब बाह्यांचं काही घालून यावं.

आठ वेळा विचारून झालं आहे. नवव्यांदा विचारते, कधी येणार? मावशी म्हणायचं की नाही, ते तुम्ही येऊन गेल्यावर ठरवीन.

आपली,
पूर्वीची बटण