सतरा नंबरचा फॉर्म

धारगळ
गुरुवार, सकाळ

प्रिय शंभूदादा,

हो, मीच सांगितलं. आईवर कशाला संशय घेतोस? गोकुळदास शेटच्या काजूच्या कारखान्यात जाऊन मीच सांगितलं की तुला कावीळबिवीळ काही झाली नव्हती, चार वर्षं तू घरात होतास ते डोक्याच्या दुखण्यानं, आणि अजून रोज गोळ्या घेतोस. रविवारपासून तू भिंतीकडे तोंड करून पडलायस, माझ्याशी बोलत नाहीस. तर हे वाच. वाचलं म्हणून बोलायला पाहिजे असं काही नाही.

सुविधानं माझा फॉर्म केला, असं तू आईला म्हणालास. बरोबरच आहे ते. पणजीच्या ऑफिसनं पाहणीसाठी मला पेडणे आणि डिचोली दिलं, आणि बासष्ट माणसं दिली, तुझ्यासारखं दुखणं काढलेली. त्यांना काम मिळतं काय, मिळालं तर टिकतं काय, आणि टिकत नसेल तर कशानं, एवढंच शोधायचं. फॉर्म इंग्रजीत आला. तो मराठीत करायचा की कोंकणीत यावर ऑफिसात दोन आठवडे भांडण झालं, शेवटी दोन्हीत केला, आणि लोकांनी उत्तरं दिली ती नुसती मान हलवून. त्या बासष्टांत सतरावा तू.

काम येत नाही म्हणून घरी बसलेला माणूस मला फारसा भेटलाच नाही. डिचोलीत एका शिंप्याकडे केरबा म्हणून कोल्हापूरकडचा एक जण काजं-बटणं करायचा. हात इतका साफ की शिंपी गिऱ्हाइकांना मुद्दाम दाखवायचा. पण महिन्या-दोन महिन्यांनी त्याला तीन-चार दिवस अंथरुणातून उठवत नसे. मग घरचे निरोप धाडायचे, काका वारला. तिसऱ्या खेपेला तोच काका वारला तेव्हा शिंपी म्हणाला, आता काकाच येऊन बटणं लावूदे. झालं, गेलं काम. अशी किती घरं सांगू. काम जातं ते न सांगता घरी राहिलेल्या दिवसांनी, आणि त्या दिवसांसाठी घरच्यांनी मारलेल्या थापांनी.

तुझी कावीळ किती दिवस पुरणार होती? गेल्या डिसेंबरात भाषेच्या आंदोलनात रस्ते बंद झाले, आठवडाभर कारखान्यात कुणीच पोचलं नाही. नेमका त्याच आठवड्यात तू अंथरुणात होतास. कुणाला कळलं नाही. घरी सगळ्यांनी देवाला हात जोडले, मी पण. पण दर वेळी आंदोलन कुठून आणायचं? आता तर गोव्याचं वेगळं राज्य पण झालं.

म्हणून मी शेटकडे गेले. आधी आमच्या ऑफिसचे कागद दाखवले. त्यांनी चष्मा चढवला, उतरवला, आणि म्हणाले, पिशाक मेजार बसयलो तर बायलो भियेतल्यो. वेड्याला मेजावर बसवला तर बायका भितील म्हणे. मला राग आला, पण उठले नाही. मग मी त्यांना आपल्या देवळातल्या नगाऱ्याचं सांगितलं. नगाऱ्याची पाळी आपल्या घराण्याची आहे, एकट्या बाबांची नाही. बाबांचा गुडघा धरला की मधुकरकाका जातो, त्याला जमलं नाही तर त्याचा मुलगा. नगारा वाजला की झालं, आज बाबा का नाही असं देवळात कुणी विचारत नाही. दादाच्या काजू निवडायच्या मेजाचं तसं करा, म्हटलं. ज्या दिवशी तो येणार नाही त्या दिवशी आमच्या घरचं कोणीतरी येऊन बसेल. शेट हसले. अगो, मगे पाळी म्हण ना, फॉर्म कित्याक दाखयता? मग अट घातली. जागा तुझीच, पण मेज एक दिवसही रिकामं राहता कामा नये.

हे सगळं मी तुला न विचारता केलं. माणसाला विचारल्याशिवाय त्याचं दुखणं मालकाला सांगू नये, असं फॉर्मच्या माथ्यावरच छापलंय. ते वाक्य मराठीत मीच लिहिलं. तुला विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास, म्हणून विचारलं नाही.

शनिवारी कारखान्यात तुमच्या कमलनं सगळ्यांसमोर विचारलं, शंभूअण्णा, सकाळची गोळी घेतला काय? आणि तू निवडलेल्या काजूंचं सूप तसंच टाकून निघून आलास. ती बेळगावकडची, तिचं बोलणंच तसं. तिच्या भावाला फिट येते, ती त्यालाही रोज असंच विचारते. काल तिनं आईला हे सांगितलं, माफी वगैरे मागितली नाही.

काल म्हणजे आई गेली होती. सोमवारी-मंगळवारी बाबा. बायकांच्या मध्ये बसून बाबांनी दोन दिवस अख्खे काजू आणि फुटलेल्या फाडी वेगळ्या केल्या, आणि चुकवल्या पण. बायका म्हणाल्या, शंभूचो हात बरो, म्हाताऱ्याक घरा धाडा. हे मुद्दाम लिहितेय.

आज मेजावर माझी पाळी. पणजीला आज आमचा अहवाल वाचायचा आहे, मी जाणार नाही. फॉर्मांचा गठ्ठा काल पोचवला, त्यात एकसष्टच आहेत. सतरा नंबर या पत्राखाली ठेवलाय. फाड, नाहीतर ठेव. पण त्याआधी एकतिसावा प्रश्न बघ. आजारात घरच्यांनी कधी कोंडून ठेवलं होतं काय? तिथं मी "नाही" लिहिलं होतं. तुझं खरं शेटला सांगून आले आणि आमचं खरं लपवलं. सकाळी सगळ्यांत शेवटी घरातून मी निघायचे, त्यामुळे दोन वर्षं तुझ्या खोलीची कडी बाहेरून मीच घालत होते. एकदा तू आतून पाणी मागितलंस. माझ्या नावानं हाक मारलीस. म्हापशाची बस तिठ्यावर आली होती, आणि कॉलेजात त्या दिवशी परीक्षा पण नव्हती. मी गेले. तुला आठवतं काय ते मला माहीत नाही, कधी विचारलं नाही. आज पहाटे "नाही" खोडून "हो" लिहिलंय, शाईनं. तेवढं सांगायला हे पत्र, बाकीचं तू आईकडून ऐकलंच असतंस.

जनेलाशी, खिडकीच्या कट्ट्यावर, पाण्याचा तांब्या ठेवलाय, गोळी बशीत आहे. पेडण्याची बस वळणावर दिसतेय. दार नुसतं लोटून घेते.

तुझीच, तू बोल की नको बोलू,
सुविधा