हाकेच्या अंतरावरचं माणूस

प्रिय भुंगे,

तुझा फोन आला की मी दोन वाक्यांत आटपते म्हणून तू फुगून बसतेस. तर आता बस वाचत. फोनवर मला सुचत नाही. शेजारी तुझे बाबा असतात, आणि माझा आवाज चढला की त्यांना वाटतं त्यांनाच रागावतेय. लिहिताना आवाज चढत नाही, एवढा तरी फायदा.

तर बातमी अशी की मी लाकूड कापायचं मशीन घेतलं. कपाळावर हात मारून झाला असेल तर पुढे वाच. गॅस घे, हीटर लाव, नाहीतर थंडीच्या आधी दोघं माझ्याकडे या, हे तुझं सगळं मला पाठ आहे. तू पाठवलेला हीटर लावला होता. पाय भाजतात आणि पाठ गारठते, आणि वीज गेली की त्याचं शोभेचं खोकं होतं. बाबांची डावी बाजू तो झटका आल्यापासून बर्फासारखी गार असते. ती लोखंडी शेगडीसमोर बसल्याशिवाय ऊब धरत नाही. शेगडीला लागतं जळण, आणि दरवर्षी जळण कापणारा माणूस आता शेगडीसमोर बसलाय. मग राहिलं कोण? अंगणातलं मांजर आणि मी.

आधी मी बाबांचंच मशीन काढलं. पण ते झाडं पाडायचं. चेन फिरते ती पट्टी ही लांब, वजन असं की उचलतानाच कंबरेने राम म्हटला. सुरू करायची दोरी ओढून ओढून खांदा उतरला, मशीन ढिम्म. बाबांनी जन्मभर लोकांची झाडं पाडली त्यावर, पण जळणाचे ओंडके कापायला ते म्हणजे बदाम फोडायला घण. शेवटी दुकानात गेले. दुकानदाराने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि बॅटरीवरचं एक खेळणं पुढे केलं. म्हणाला, "काकू, हे बायकांसाठी खास." मी म्हटलं, "ओंडक्याला कळतं का रे, बाई कापतेय की बाप्या?" मग तो जरा माणसात आला. लाकूड किती जाड, ओलं की सुकं, वर्षाला किती लागतं, असं नीट विचारायला लागला. मी तिथली मशीनं एकेक करून हात पुढे ताणून धरली. ज्याने हात लवकर थरथरला ते बाजूला. असं करत मधलं निवडलं, पेट्रोलवरचं, पट्टी माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत, वर थोडी. जळणाला तेवढी पुरते. लांब पट्टी मिरवायला बरी, पण टोक कुठे अडलं तर मशीन उसळून तोंडावर येतं, हे बाबांनी तुला आणि मला किती वेळा सांगितलंय.

इथपर्यंत शहाणपणा केला आणि चेन निवडताना माती खाल्ली. चेन दोन तऱ्हेच्या होत्या. एकीच्या दातांचे कोपरे टोकदार, दुसरीच्या गोलसर. दुकानदार म्हणत होता गोलसर न्या. मला वाटलं, टोकदार म्हणजे काम लवकर उरकेल. मला मेलं सगळंच लवकर उरकायचं असतं. घरी आणली, बसवली, मशीन सुरूही झालं. पण कापेना. नुसतं लाकडावर घासतंय, धूर काय, जळका वास काय! तेवढ्यात आतून काठी आपटली.

हे तुला सांगितलंच नाही. बाबांचं बोलणं गेलं, पण कान तिखट होते. खिडकीशी खुर्चीत बसून ते माझं मशीन ऐकायचे. काठीचा एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे चालू दे. हे आम्ही कधी ठरवलं नाही, आपोआप झालं. तर ठोका ऐकून मी मशीन आत नेलं आणि त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी उजव्या हाताचं बोट चेनवर ठेवलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हसायला लागले. अर्ध्या तोंडाने, पण पोट हलवून. मी चेन उलटी बसवली होती, दात मागे तोंड करून! नवरा पन्नास वर्षं लाकूडतोड्या आणि बायकोची चेन उलटी. आजारपणानंतर ते पहिल्यांदा हसले, म्हणून मी चिडलेही नाही.

चेन सुलटी केल्यावर कापायला लागली, पण दोन दिवसांतच बोथट झाली. आपले ओंडके चिखलातून ओढत आणलेले, सालीत वाळू. टोकदार दाताला ती सोसत नाही. कापताना खाली काय पडतंय ते बाबांना दाखवायला मी त्यातलं मूठभर त्यांच्या तळहातावर ठेवायची. ढलप्या असल्या की मूठ मिटायची, म्हणजे धार ठीक. पिठासारखा भुसा असला की बोटं उघडून खाली सोडून द्यायचे. मग मी मुकाट्याने कानस घेऊन बसायची. शेवटी दुकानात जाऊन गोलसर दाताची चेन आणली. दुकानदार मिशीत हसला. ही चेन हळू कापते, पण मळक्या लाकडात धार टिकवते. तिच्यावर निम्मी रास कापून झाली. रोज थोडं थोडं. हात असे भरून येतात की भाकरी थापताना आईची आठवण येते, पण आत ऊब आहे.

आता खरं सांगते. गेल्या आठवड्यात मशीनचा आवाज बदलला. चेन सैल पडून खडखडत होती. मला कळलं होतं. तरी मी थांबले नाही, ठोक्याची वाट बघत राहिले. आला नाही. मुद्दाम आणखी रेटलं. तरी नाही. बंद करून आत गेले. बाबा जागे होते, काठी हातात होती, शेगडीकडे बघत होते. मी भुसा त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो तोंडात घालायला हात उचलला.

मी हात धरला आणि एकेक बोट पुसलं. डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. झोपेत आणखी एक झटका येऊन गेला असावा म्हणाल्या. कानाला ऐकू येतं, पण आत त्याचा अर्थ लागत नाही. सुधारेल का, विचारलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला असले हात ठेवलेले आवडत नाहीत, तुला माहीत आहे.

तेव्हापासून मशीन खुंटीला आहे. हाकेच्या अंतरावर माणूस नसेल तर मशीनला हात लावायचा नाही, हा बाबांचा नियम. त्याच्यासाठी तुला लहानपणी मागच्या पायरीवर बसवायचे आणि तू पुस्तकात नाक खुपसून कुरकुरायचीस की मला काहीच काम नाही, मग का बसू. आतापर्यंत माझ्या हाकेला बाबा होते. उठता येत नसलं तरी काठी आपटून त्यांनी गल्ली गोळा केली असती. आता शेजारचा शिंपी उरलाय, त्याच्या कानाशी ढोल बडवला तरी तो सुईत दोराच ओवत बसेल. निम्मी रास पडून आहे आणि सकाळी काचेवर दव गोठायला लागलंय. म्हणून हे पत्र. मिळेल तेवढी रजा काढ आणि ये. आम्हाला न्यायला म्हणून नको, त्यावर आल्यावर भांडू, आणि या वेळी मी आधीसारखी नाही म्हणेनच असं नाही. पण आधी लाकूड कापून होऊ दे. तुला ओंडका उचलायचा नाही, कानस धरायची नाही. पुस्तक आण. पायरीवर उशी घालून ठेवते.

तुझीच, दमलेली आणि तरी तोंडाळ,
आई