देशमुखांचं पथ्य आणि कडूबाईचं कोयनेल

मुक्काम बोरखेडी, झरीपासून दीड कोस
कार्तिक वद्य चतुर्थी, फसली १३५२

राजमान्य राजश्री दिनकरराव यांना विष्णुपंताचा बोरखेडीहून मनापासून नमस्कार पोचावा.

इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे गावात निम्म्या घरांत हिवताप आहे. आपल्या घरात नाही, म्हणून क्षेम. तुमच्या पित्ताची हकिकत वाचून फार वाईट वाटलं. (तुमची बहीण सुमंगला म्हणते, दादाला निजताना भजी खायची खोड लहानपणापासून आहे. मी मेहुणा पडलो, मी काही म्हणत नाही.) सौ. वहिनींचा खोकला थांबला असेल. औषधांच्या पेढीवर कारकुनी करणाऱ्याच्या घरात खोकला टिकतोच कसा, हे मला कोडं आहे. पण हैदराबादेत सगळंच टिकतं म्हणतात.

आता मुद्द्याला येतो. मागच्या पत्रात तुम्ही मोठ्या दिमाखानं एक वाक्य लिहिलंत, की खेड्यातला माणूस आजारी पडतो तो गरिबीमुळे नव्हे तर अज्ञानामुळे, त्याला पथ्य कशाशी खातात तेच ठाऊक नाही. हे वाक्य मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा उभं राहून वाचलं. गेली चौदा वर्षं मी या गावात सरकारी मदरशात मुलांना शिकवतो आहे, तेव्हा अज्ञानाबद्दल कोणी बोललं की तो ठपका माझ्यावर येतो, हे एक. दुसरं म्हणजे पथ्य कोणाला ठाऊक आहे आणि कोणाला परवडतं याचा तमाशा मी या पंधरवड्यात डोळ्यांनी पाहिला आहे. तो सगळा लिहितो. पित्त खवळलं तर माझा नाइलाज आहे.

आमच्याकडे फिरत्या दवाखान्याचे डॉक्टर येणार असं कळलं. कोतवाल लिंबाजीनं दवंडी दिली, की मंगळवारी सकाळी ज्याला ज्याला ताप असेल त्यानं चावडीपुढं हजर व्हावं. (एक दिवसाआड येणारा हा ताप. ज्यांची पाळी मंगळवारची होती ते कुडकुडत आले आणि पुढं बसले; ज्यांची बुधवारची होती ते त्या दिवशी धडधाकट दिसत होते, म्हणून देशमुखांच्या मुकादमानं, भुजंगानं, त्यांना सोंगाडे ठरवून मागं ढकललं.) दहाला मोटार आली. ती चावडीवर थांबली नाही, सरळ किशनराव देशमुखांच्या दारात गेली. किशनराव म्हणजे गावच्या निम्म्या काळ्या जमिनीचे धनी. मनानं वाईट नाहीत, पण अंगानं इतके आडवे की चावडीवर त्यांच्या शेजारी बसणाऱ्याला अर्धं बाहेर बसावं लागतं. डॉक्टर हैदराबादचे, बोलणं सगळं उर्दू. देशमुखांची उर्दू ‘जी हुजूर’च्या पुढे जात नाही, आणि पोटाची तक्रार ‘जी हुजूर’मध्ये बसत नाही, म्हणून दुभाषा म्हणून मला बोलावणं आलं.

आधी जेवण झालं. पुरणाची पोळी, तुपाची वाटी, वर केळ्यांची शिकरण. मग तासभर देशमुखांचा मुआयना झाला. करपट ढेकर, चालताना धाप, गुडघ्यात कळ, झोप नाही. त्यांचे वडील अशाच धापेनं पन्नाशीच्या आत गेले, त्यामुळे किशनराव आतून फार घाबरलेले. डॉक्टर तरुण होते, सरळ होते, त्या घरचं जेवले होते तरी खरं बोलले. रोग काहीच नाही म्हणाले. खाणं फार आणि हालचाल नाही. चिठ्ठी लिहून दिली. मी तिचा मराठीत तर्जुमा केला: दोन वेळा ज्वारीची कोरडी भाकर, पातळ वरण, तूप बंद, साखर बंद, कठीण बिछाना, आणि रोज उन्हात घाम निघेस्तोवर शेतातलं काम. देशमुखांचा चेहरा असा झाला की जणू मी त्यांना काळ्या पाण्याची सजा वाचून दाखवली.

उठताना नर्मदाबाईंनी, म्हणजे देशमुखांच्या मंडळींनी, आतून विचारलं की घरात ताप कुणाला नाही, पण उद्या आला तर काय? डॉक्टरांजवळ हिवतापावरच्या कोयनेल गोळ्यांच्या दोन बाटल्या होत्या. (जपान्यांनी जावा बेट घेतल्यापासून कोयनेल मिळणं किती मुश्कील झालंय ते तुम्हाला मी सांगावं असं नाही.) यजमानीणबाईंना नाही कसं म्हणणार! एक बाटली तिथं राहिली. दुसरी चावडीवर आली. पुरुषांची रांग आधी, त्यामुळे बायकांची रांग सुरू व्हायच्या आत ती रिकामी झाली. मोटारीला अंधाराच्या आत परभणी गाठायची होती. ज्या घरात ताप नव्हता तिथं एक तास, आणि तापलेल्या साठ माणसांना मिळून दोन तास, हा हिशेब कोणत्या शाळेत शिकवतात ते मला माहीत नाही. माझ्या शाळेत नाही.

रांगेच्या शेवटी कडूबाई होती. ही नवरा गेलेली, चाळिशीची बाई, देशमुखांच्या रानात कापूस वेचते. दीड महिन्यापासून ताप, डोळे पिवळट, डाव्या कुशीत पानथरी, म्हणजे प्लीहा, सुजून दगडासारखी झालेली. डॉक्टरांनी पापणी ओढून पाहिली आणि प्रथमच त्यांचा आवाज उतरला. गोळ्या नव्हत्याच, तेव्हा चिठ्ठी दिली: कोयनेल सात दिवस, रोज शेरभर दूध, अंडी, मोसंबी, आणि पंधरा दिवस अंथरुणातून उठायचं नाही. मी तिला वाचून दाखवली. ती हसायला लागली. हसता हसता तिला खोकला आला.

“गुर्जी,” ती म्हणाली, “डाक्टरला म्हनावं, औषिद लय चांगलं लिव्हलंय. आता ह्ये समदं कुनाच्या घरून आनायचं, ते बी खाली लिव्हून द्या.”

मी हे डॉक्टरांना उर्दूत सांगितलं. त्यांनी मान खाली घालून पेटी बंद केली. दिनकरराव, या बाईला पथ्य कळलं नाही असं तुम्हाला म्हणायचं आहे का? तिला ते तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा लवकर कळलं.

त्या संध्याकाळी माझं डोकं तापलं. मी दोन्ही चिठ्ठ्या घेऊन देशमुखांच्या बैठकीत गेलो आणि चार माणसांदेखत म्हणालो, की किशनराव, डॉक्टरांनी तुम्हाला जे औषध दिलंय ते कडूबाई जन्मापासून घेते आहे, आणि तिला जे दिलंय ते तुम्ही घेताय. पंधरा दिवस अदलाबदल करा, दोघं बरे व्हाल. (इतकं बोलून मी दाराकडे पाहून ठेवलं होतं.) पण देशमुख चिडले नाहीत. वडिलांची धाप त्यांना आठवली असावी. म्हणाले, “गुर्जी, तुमी म्हणायलाव ते खरं हाय. उद्यापसून मी वेचणीला जायलोय. अन् भुजंगा, त्या बाईला आपल्या घरून रोज तांब्याभर दूध देत जा.”

मी घरी परत आलो तो जमीन सोडून दोन बोटं वर चालत होतो. समाजसुधारणा इतकी सोपी असेल असं मला वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी देशमुख वेचणीला निघाले. बरोबर छत्री धरायला एक, पाण्याला एक, बसायला घोंगडी घेऊन एक, आणि त्यांनी तोडलेल्या कापसातला पालापाचोळा निवडायला दोन बाया. म्हणजे एका माणसाच्या व्यायामासाठी पाच माणसांची रोजची कामं खोळंबली. पहिल्या दिवशी त्यांनी ओटीभर कापूस वेचला, त्यात कापूस कमी आणि काटक्या जास्त. बोंडांनी बोटं फाटली, नर्मदाबाईंनी लोणी लावलं. पण खोटं कशाला लिहू, चौथ्या दिवशी ढेकर थांबली आणि त्या रात्री ते घोरले. सगळ्या गावानं ऐकलं.

दुधाचं मात्र असं झालं. तांब्या निघायचा नर्मदाबाईंच्या स्वयंपाकघरातून, भरलेला. भुजंगाच्या हातून जायचा. वाटेत भुजंगाचं घर. कडूबाईच्या दारात पोचायचं ते दुधाच्या रंगाचं पाणी. आणि अंथरुणावर पडून राहायचं म्हटलं तरी त्या दिवसांची मजुरी कोण देणार? भुजंगानं सांगितलं, वेचणीचे दिवस आहेत, आली नाहीस तर जागा दुसरीला जाईल. तिसऱ्या दिवशी बाई उठून रानात आली.

पाचव्या दिवशी दुपारी ती देशमुखांच्या शेजारच्या ओळीत होती. मी मदरसा सोडून तमाशा पाहायला गेलो होतो, म्हणून हे माझ्या डोळ्यांदेखत झालं. आधी तिचे दात वाजायला लागले. भर उन्हात अंग थडथडू लागलं, तरी हात वेचत होते. मग ती तशीच पऱ्हाटीत कोसळली. छत्रीवाल्याला वाटलं मेली, तो छत्री टाकून पळाला. किशनराव, ज्यांना वाकता येत नाही म्हणून गेली दहा वर्षं दुसरा माणूस जोडे घालतो, ते खाली बसले. तिच्या कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. “आरं, हिला त्या गोळ्या दिल्या न्हाईत का?” असं ओरडले. मग मीच म्हणालो, की गोळ्या आहेत, तुमच्या घरात आहेत.

बाटली नर्मदाबाईंच्या कपाटात, चांदीच्या भांड्यांशेजारी, कुलपात निघाली. सरकारी वस्तू आहे, हरवायला नको, म्हणून ठेवली होती. देशमुखांनी स्वतः गोळ्या आणल्या, धापा टाकत. कडूबाईला बाजेवर घालून घरी नेलं. चार दिवस गोळ्या पोटात गेल्यावर ताप उतरला.

इथं पत्र संपवता आलं असतं तर तुम्हीही म्हणाला असतात, की पाहा, माणसाच्या मनात दया असते, फक्त कोणीतरी ती दाखवून द्यावी लागते. थांबा. परवा देशमुखांच्या बैठकीत झरीचे, पोखर्णीचे पाहुणे जमले होते. देशमुख अंगानं उतरलेले, ताजेतवाने. सगळ्यांना वेचणीचा गुण सांगत होते. आणि मग म्हणाले, “आता बगा, ऊन, वारा, घाम, समदं औषिद त्या रानात हाय. ह्या बाया ते रोज फुकट घ्यायल्यात, अन् वर आपुनच त्यांला मजुरी द्यायलाव!” सगळे हसले. देशमुख हसले नाहीत. त्यांनी हे विचार करून म्हटलं होतं. दुसऱ्या दिवसापासून दूध बंद झालं, आणि या हंगामाची मजुरी जरा उतरवावी काय, असा सल्ला ते भुजंगाशी करीत आहेत.

मी तिथं काय बोललो असं तुम्ही विचाराल. चहा चालू होता. घरी आल्यावर मात्र मी तास-दीड तास असं बोललो की सुमंगलेनं शेवटी कानात बोळे घातले. ऊन औषध असेल तर चावडीपुढं उन्हात बसलेली साठ माणसं बरी का झाली नाहीत? भाकर औषध असेल तर भाकरीवर जगणाऱ्यांची पानथरी का वाढते? ज्याच्या ताटात सगळं आहे त्यानं थोडं टाकलं की ते पथ्य, आणि ज्याच्या ताटात काहीच नाही त्याला म्हणायचं अज्ञान! दिनकरराव, तुमचं ते वाक्य कृपा करून परत घ्या. टपालखर्च मी देईन.

आणखी काय लिहू? राग ओसरला की पुन्हा लिहीन, म्हणजे लवकर नाही. लहानांना आशीर्वाद, थोरांना दंडवत, तुम्हाला मात्र नुसता नमस्कार.

आपला,
विष्णुपंत

ता. क. तुमच्या पेढीवर कोयनेल अजून मिळत असेल तर एक बाटली पाठवावी. गावासाठी हवी आहे. पार्सल माझ्या नावे करावं, म्हणजे वाटप नीट होईल.

ता. क. दुसरा. त्याच पार्सलात ताकदीच्या औषधाची एक लहान बाटली घालता आली तर पाहावं. या सगळ्या धावपळीनं मला फार अशक्तपणा आलाय. द्राक्षाच्या चवीचं असतं ते.

ता. क. तिसरा, हस्ताक्षर सुमंगलेचं.

ती. दादास सुमंगलाचा शिरसाष्टांग नमस्कार. पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडे दिलं म्हणून मी पत्र वाचलं. लिहिलंय ते सगळं खरं आहे. एवढंच राहिलं, की कडूबाई अकरा वर्षं आपल्या घरची भांडी घासते आणि पाणी भरते. तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दारात जाऊन, भांडी पडलीत, कधी येतेस, असं विचारणारे भुजंग नव्हते, हे होते. ती आधी आपल्याकडे आली, दोन घागरी भरल्या आणि मग रानात गेली. मीही तिला थांबवलं नाही. घागर उचलताना तिचे हात कापत होते ते मी पाहिलं, आणि पोळी लाटत राहिले. आता भांडी मी घासते आणि पाणी हे आणतात. लोक हसतात.

नर्मदाबाईंनी चार दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि बाटली परत कुलपात ठेवली. डॉक्टरांनी सात दिवस सांगितले होते. काल कडूबाईला ताप पुन्हा आला. कोयनेल यांच्या नावे नको, माझ्या नावे पाठव. यांच्या नावे आलं तर चावडीवर भाषण झाल्याशिवाय बाटली उघडायची नाही. ताकदीचं औषध पाठवू नकोस, यांना काही झालेलं नाही. त्या पैशाचं कोयनेलच जास्त घाल.

हे आता पत्र टाकायला झरीला जातील. उद्या तिच्या तापाची पाळी आहे आणि तिच्याजवळ कोणी नाही. मी दूध आणि गोधडी घेऊन आजपासूनच तिकडे राहायला जाते आहे. यांना सांगितलेलं नाही. परत येतील तेव्हा पडलेली भांडी दिसतील.